सरळ केलेला मनोरा

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आत एक फोटो आहे आणि बाकी माझं नेहमीचं रडगाणं. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. ओरडलो की सून हातातलं काम टाकून धावत येते, तिला वाटतं मी पुन्हा न्हाणीघरात घसरलो.

बातमी अशी की माझे फोटो भिंतीवर लागणार आहेत. हसून घे. मीही आधी हसलो, मग झोप गेली.

आमच्या घरामागच्या टेकाडावरचं जुनं चर्च तुला माझ्या पत्रांतून माहीत आहे. ते बांधून यंदा दोनशे वर्षं होतात. फादर म्हणाले, "फोटोआजोबा, चार वर्षं आमचा मनोरा टिपताय, ते सगळे फोटो सभागृहात लावू." तिथे मला सगळे फोटोआजोबाच म्हणतात. खरं नाव कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उद्या काही चुकलं तर नाव तरी वाचेल.

तू नेहमी विचारतेस, चर्चच का? खरं सांगतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण नुसतं चालायची मला लाज वाटते, माणूस कुठेतरी चाललेला असावा. म्हणून कॅमेरा घेतला. आधी माणसांचे फोटो काढून पाहिले, तर मी बटण शोधेपर्यंत त्यांचं हसू आंबून जायचं. इमारत बिचारी थांबते. त्यातही चर्चच्या आवारात बाक असतो, झाड असतं, कोणी हाकलत नाही आणि शौचालय बहुधा उघडं असतं. सुरुवात एवढ्यावरच झाली. मग एकदा आत गेलो आणि अडकलो. मी जन्मभर दारं-खिडक्या बसवल्या आणि तिथलं दार पाहिलं तर एकाही खिळ्याशिवाय सांधलेलं! छत पेलणाऱ्या लाकडी कैच्या बघता बघता मान धरली. बाकांच्या कडा इतक्या पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाल्यात, की तसं पॉलिश मला कधी जमलं नाही. आता आसपासची सगळी जुनी चर्चं पाहून झाली. शैली कोणती ते विचारू नकोस. फादरांनी सांगितली होती, मी मान हलवली आणि उतार उतरेपर्यंत विसरलो. चौथी पास माणसाच्या डोक्यात जागा किती असणार.

आता काळजी. माझे हात थरथरतात हे तू जाणतेस. पहिला फोटो तुला पाठवला, नुसता मनोरा आणि आकाश, तेव्हा तू लिहिलंस, "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, तू तर मनोराच वाकडा केलास." ते फार लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. उभ्या आयुष्यात एक चौकट ओळंब्याच्या लोंबत्या दोरीबाहेर बसवली नाही आणि फोटोत मनोरा झुकलेला! बाकीची चर्चं माझ्या हातून कधी डावीकडे कलतात, कधी उजवीकडे. हा मनोरा मात्र नेहमी उजवीकडेच. चढ चढून दम लागतो, त्याने होत असावं. शेवटी कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला गाठलं. तो कॉम्प्युटरवर फोटो जरासा फिरवतो, कडा कापतो की मनोरा ताठ. "आजोबा, मूळचा ठेवू की पुसू?" म्हणतो. मी म्हणतो, पूस बाबा, माझी थरथर जपून काय करायची? चार वर्षांतले सगळे फोटो असेच सरळ केलेले आहेत.

हे फादरांना सांगायला हवं का? ही फसवणूक तर नव्हे? लवकर कळव. तोवर मी काळजी करत बसतो, तेवढंच काम आहे.

तुझा धाकटा

२५ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. मला ऐकू येत नाही हे खोटं आहे. मला तुझं ऐकू येत नाही. तू तोंडातल्या तोंडात बोलतोस, लहानपणापासून.

फोटो पाहिला. छान आहे. मनोरा अगदी शाळेत शिक्षा झाल्यासारखा ताठ उभा आहे. भिंतीवर लागण्याजोगा आहे हे मान्य करते, पण ते तू कोणाला सांगू नकोस, मला टोमणे मारायची जागा राहू दे.

फसवणूक कसली रे? मी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. एक खांदा उतरलेली बाई आली की आत थोडी गादी भरायची आणि दोन्ही खांदे सारखे दिसतील असं शिवायचं. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, शिलाई म्हणतात. तुझा स्टुडिओवालाही तेच करतो. तेव्हा गप्प बस. न विचारता सांगणारा माणूस आणि न पिळता गळणारा नळ, दोघांना लोक वैतागतातच.

तो कोपर झिजलेला राखाडी कोट घालून जाऊ नकोस. गेलास तर फोटोत येऊ नकोस.

ताई

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. झालं एकदाचं. राखाडीच कोट घातला, दुसरा आता पोटावर मिटत नाही. पण कोपर भिंतीला टेकवून उभा राहिलो.

फोटो एका ओळीत लावले आहेत, सर्वांत जुना दाराशी आणि ताजा खिडकीशी. धुक्यातला, उन्हातला, पानगळीतला, आणि एक रविवारचा, ज्यात प्रार्थना संपवून मंडळी दारात उभी आहेत. मनोरा सगळ्यांत ताठ. फादरांनी मला बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. पहिलं ऐन वेळी विसरलो, म्हणून थेट दुसरं म्हटलं: "आणि त्यामुळेच मी आपला आभारी आहे." लोकांना वाटलं मी फार मोजकं बोलणारा आहे. टाळ्या पडल्या.

एक सद्गृहस्थ अगदी जवळ जाऊन फोटो बघत होते. वळून म्हणाले, "या वयात हात किती स्थिर आहे तुमचा!" मी तो हात खिशात घातला. तू म्हणालीस म्हणून गप्प बसलो. गप्प बसणं मला एरवी जमत नाही, या वेळी फार छान जमलं. त्या सद्गृहस्थांसकट तीन लोकांनी हस्तांदोलन केलं, एका बाईंनी कॅमेरा कोणता ते विचारलं. घरी येऊन सुनेला म्हणालो, "चहा टाक, कलाकार आलाय." ती म्हणाली, "कलाकारांनी येताना दूध आणायचं होतं."

ताई, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लोकांच्या घरी दार बसवलं की ते दाराकडे बघतात, आपल्याकडे नाही. परवा पहिल्यांदा लोकांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच लिहायचं होतं, बाकी पान उगाच भरलं.

तुझा धाकटा

३० मार्च

धाकट्या,

मनोऱ्यावर चढून बसलास की काय? दीड महिना चिठ्ठी नाही. प्रसिद्धी मिळाली की माणसं आधी बहिणींना विसरतात असं ऐकून होते. तुमच्याकडे मोठं वादळ झालं असं इथे बातम्यांत दाखवलं. घर, सून, तू, सगळं जागेवर आहे ना? दोन ओळी टाक.

ताई

८ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. सगळं जागेवर आहे. वादळात आमच्या गॅलरीतल्या दोन कुंड्या गेल्या. सुनेने नवी बादली आणली, निळी. मला थोडा खोकला आहे, पण तो जुनाच. हवा आता बरी आहे, सकाळी गार आणि दुपारी उकाडा.

नदीपलीकडच्या लहान चर्चला गेलो होतो. त्याला मनोरा नाही, फार बरं वाटलं. खिडकीला निळी काच आहे, दुपारी तिचा निळा तुकडा जमिनीवर पडतो आणि बाकांखालून हळूहळू सरकत जातो. मी बसून बघत राहिलो, फोटो काढला नाही.

आमच्या चर्चचा मनोरा बरा आहे. म्हणजे आहे.

सध्या फोटो पाठवत नाही. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा

१७ एप्रिल

धाकट्या,

आईची काचेची बरणी तू फोडलीस, तेव्हाही तू मला आधी हवा कशी आहे तेच सांगितलं होतंस. बादलीचा रंग कळला. आता काय फुटलंय ते लिही.

ताई

२६ एप्रिल

प्रिय ताई,

अंगण खरंच वाकडं आहे.

सविस्तर सांगतो, पण रागावू नकोस. रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून एकदाच रागाव. वादळानंतर मनोऱ्याच्या पायथ्याशी भिंतीला तडा दिसला. फादरांनी एका इंजिनिअरबाईंना बोलावलं. त्यांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बिणीसारखं यंत्र लावलं, बराच वेळ डोळा लावून बसल्या आणि म्हणाल्या, "मनोरा कललाय. उजवीकडे."

उजवीकडे, ताई.

मी तिथेच कॅमेरा गळ्यात घालून उभा होतो. आधी काय वाटलं सांगू? आनंद! चार वर्षं ज्या हाताला शिव्या घातल्या तो निर्दोष सुटला. एवढ्या मोठ्या दगडी मनोऱ्यावर संशय घ्यावा असं मला कधी सुचलंच नाही. मनोरा आणि मी, यांत वाकडं कोण, असा प्रश्न आला की मी स्वतःहून पुढे होतो, ही माझी जन्माची खोड. रोज खालून जाणाऱ्या कोणालाही ते दिसलं नव्हतं म्हणा. रोजच्या गोष्टीकडे कोण मान वर करून बघतं?

मग बाई म्हणाल्या, "कललाय हे खरं, पण कधी, हा प्रश्न आहे. जुना कल असेल तर पाया बसून स्थिर झाला असेल, तडा बुजवून नुसतं लक्ष ठेवता येईल. याच वर्षात एवढा कलला असेल तर मात्र तो कधीही येईल खाली. मग माणसांवर पडण्याआधी आपणच उतरवावा लागेल."

फादर अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे चार वर्षांचे फोटो आहेत!"

सगळे सभागृहात गेले, मीही ओढला गेलो. भिंतीवर माझे मनोरे, एकजात ताठ. दाराशी ताठ, खिडकीशी ताठ. बाईंनी एकेक नीट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. कल ताजा ठरत होता. त्यांनी मला विचारलं, "बाबा, हे मूळ फोटो आहेत ना? काही फेरफार वगैरे?" सगळे माझ्याकडे बघत होते. ते हात मिळवणारे गृहस्थही होते. मी म्हणालो, "छे छे, मूळच."

तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही. मोजकं बोलणारा ना मी!

तेव्हापासून घंटा बंद आहे. मनोऱ्याभोवती दोर बांधलाय, मंडळी मागच्या दाराने आत जातात. मे महिन्यात चर्चच्या मंडळींची सभा आहे, त्यात मनोरा उतरवायचं ठरणार. दुसऱ्या कोणाचे फोटो नाहीत का, असं तू विचारशील. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी असतात, मनोरा कोण घेतो? आणि लोकांच्या मोबाइलवर सगळंच वाकडंतिकडं, त्यावरून काही ठरत नाही म्हणे. स्टुडिओवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आजोबा, रोज शंभर फोटो हाताखालून जातात, मला काही आठवत नाही आणि सभेला तर मी मुळीच येणार नाही. इथे फोटो फिरवून मिळतात असं नाव झालं तर धंदा बसेल." त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो, कदाचित याहून भित्र्या आवाजात.

एकच आशा आहे. तुला पाठवलेला तो पहिला वाकडा फोटो. तो सरळ केलेला नव्हता. तो तेवढा परत पाठव. तो दाखवला की मला फार बोलावं लागणार नाही.

तुझा धाकटा

३ मे

धाकट्या,

पाणी पिऊन मग पुढचं वाच.

तुला टोमणा मारला खरा, पण फोटो मला आवडला होता. दिवाणखान्यात लावावा म्हणून चौकटीत घातला, तर येणारा-जाणारा विचारायचा, "भिंत वाकडी आहे का हो?" मग मी कात्री घेतली आणि चारी बाजूंनी तिरका कापून मनोरा सरळ केला. कपटे त्याच दिवशी केरात गेले. आता तो माझ्यासमोर आहे, ताठ, तुझ्या बाकीच्यांसारखा. आई असती तर म्हणाली असती, दोघांना एकाच मापाने कापलंय.

आता माझं ऐक. गप्प बस असं मीच तुला सांगितलं होतं. ते शिवणकामातलं शहाणपण होतं, बांधकामाला चालत नाही. बाईचा खांदा झाकला म्हणून कोणी चांगला खांदा काढून टाकत नाही. इथे तुमच्या त्या बाई तुझ्या शब्दावर दोनशे वर्षांचं काम उतरवायला निघाल्या आहेत.

सभेला जा आणि सांग. लोक हसतील. हसू देत. मनोरा दोनशे वर्षांचा आहे, तुझी अब्रू चार वर्षांची. कोणतं आधी वाचवायचं ते कळायला चौथी पास पुरे. आणि तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.

ताई

२० मे

प्रिय ताई,

नमस्कार. गेलो होतो. सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

ही शक्यता आपण दोघांनीही धरली नव्हती. मी रात्रभर लोक काय काय म्हणतील याची तालीम केली होती. लबाड म्हणतील, ढोंगी म्हणतील, फोटो काढून फेकतील. सगळ्यांना उत्तरं तयार होती. सभेत उभा राहिलो, मोठ्याने म्हणालो, "हे फोटो सरळ करून घेतलेले आहेत. मनोरा पहिल्यापासून असाच होता. मी खोटं बोललो." तर फादरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "फोटोआजोबा, तुमचा मनोऱ्यावर किती जीव आहे हे आम्ही जाणतो. पण तो वाचावा म्हणून स्वतःवर असा आळ घेऊ नका." आणि टाळ्या! ताई, मी आयुष्यात इतक्या स्पष्टपणे खरं कधी बोललो नव्हतो आणि लोकांनी ते माझ्या मोठेपणात जमा केलं. मी आणखी जोरात म्हणालो, "अहो, मी खरंच खोटारडा आहे!" तर शेजारच्याने मला पाणी दिलं.

इंजिनिअरबाईंनी तेवढी टाळी वाजवली नाही. म्हणाल्या, "बाबा, पुरावा काही?" मी म्हणालो, "नाही. एक होता, तो बहिणीने कापला." हे ऐकून तर उरलासुरला विश्वासही गेला.

मी खाली बसणार एवढ्यात ऑर्गन वाजवणाऱ्या बाई उठल्या. या बाई माझ्याशी कधी बोलत नाहीत, नुसत्या बघून मान फिरवतात. मला वाटायचं माझा कोट आवडत नसावा. त्या म्हणाल्या, "मला एक विचारायचंच होतं. हा रविवारचा फोटो. यात मी अशी का दिसते? भिंतीवर लागल्यापासून माझी नातवंडं मला विचारतात, आजी, तू प्यायली होतीस का?"

सगळे हसत फोटोपाशी गेले. बाई खरंच डावीकडे कललेल्या. त्यांच्या शेजारचे गृहस्थ कललेले. त्यांच्या पुढची मुलंही. अख्खी मंडळी प्रार्थनेहून नव्हे, गुत्त्यातून बाहेर पडल्यासारखी, आणि त्यांच्यामागे मनोरा तेवढा शुद्धीवर. इंजिनिअरबाई पुढे झाल्या. मनोऱ्याच्या दाराच्या कमानीत साखळीने एक कंदील टांगलेला असतो. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. फोटोत तो कंदील तिरका लटकत होता. म्हणाल्या, "माणसं कलतील. साखळी नाही कलत." मग दोन्ही हातांनी ती फ्रेम खिळ्यावरच हळूहळू फिरवली, साखळी सरळ उभी येईपर्यंत. मंडळी सरळ झाली. मनोरा उजवीकडे झुकला.

कंदील भिंतीवरच्या सगळ्याच फोटोंत आहे. त्यांनी एकेक फ्रेम फिरवली, पट्टी लावून मोजलं, दारापासून खिडकीपर्यंत. शेवटी म्हणाल्या, "पहिल्या फोटोत जेवढा, तेवढाच शेवटच्या फोटोत. चार वर्षांत हललेला नाही."

आता मला काय म्हणायचं ते म्हण. जन्मभर ओळंब्याची दोरी खिशात घेऊन फिरलेला माणूस मी. माझ्या प्रत्येक फोटोत एक दोरी टांगलेली होती आणि ती मला दिसली नाही! दिसले ते फक्त माझे हात.

निर्णय अजून व्हायचा आहे. चार वर्षं हलला नाही म्हणून वादळाने हलला नसेल असं नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांनी तड्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. भिंत सरकली तर काच तडकेल. टिकल्या तर मनोरा राहील. तोवर सगळ्या फ्रेमा तिरक्याच ठेवायच्या असा त्यांचा हुकूम आहे. मी सभागृहात पाऊल ठेवत नाही, हात शिवशिवतात.

फादरांनी माफ केलं. म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात ते वाईट, पण ते कबूल करायला तुम्हाला इतका त्रास पडला, की शिक्षा आपोआप झाली." ते हात मिळवणारे गृहस्थ मात्र आता दुरून नमस्कार करतात.

तुझा धाकटा

२ जून

धाकट्या,

त्या ऑर्गनवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. एवढ्या लोकांत स्वतःचा अपमान बोलून दाखवायला छाती लागते, आणि तिने ते मनोरा वाचवायला केलं नाही, स्वतःचं नाव साफ करायला केलं, म्हणून मला ती जास्त आवडली.

रोज काचा बघायला जात असशीलच. श्वास रोखून बघू नकोस, तुझ्या श्वासाने तडकायच्या नाहीत. काय होईल ते कळव. इथे मीही वाट बघते आहे, हे मात्र घरात कोणाला सांगितलेलं नाही. ते आधीच म्हणतात म्हातारीला चर्चचं वेड लागलं, आणि मी तर ते पाहिलेलंही नाही.

ताई

८ ऑगस्ट

प्रिय ताई,

काचा टिकल्या.

मधे एकदा जोराचा वारा सुटला, तेव्हा मी छत्री मोडून घेऊन धावत गेलो होतो. धावत म्हणजे माझ्या मानाने. काचा शाबूत होत्या, मीच दोन दिवस अंथरुणात. परवा इंजिनिअरबाई आल्या, सगळं तपासलं, तडा बुजवून घ्यायला सांगितला आणि फादरांना म्हणाल्या, "राहू द्या. हा तुमच्या आजोबांच्याही आधीपासून असाच उभा असणार." दोर सोडले.

मग घंटा वाजवायची ठरली. सगळी मंडळी आवारात जमली, पण ताई, मनोऱ्याच्या अंगाला कोणी जाईना. बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, फादरांनी वाचून दाखवलं होतं, तरी प्रत्येकाला झाडाखालची सावलीच आवडत होती. फादर आत घंटेच्या दोरापाशी गेले. दार मोकळं, कंदिलाखाली कोणी नाही. ऑर्गनवाल्या बाई मला म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना, पहिल्यापासून असाच आहे म्हणून? मग उभे राहा की तिथे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लोकांनी आपल्याकडे पाहावं अशी मला हौस होती ना, घे म्हटलं!

गेलो. कंदिलाखाली, बरोबर कमानीत उभा राहिलो. तोंड मंडळींकडे, पाठ मनोऱ्याकडे. मनात म्हटलं, मी सांगितलेलं खोटं असेल तर निदान ते ऐकायला मी उरणार नाही. मग वर घंटा वाजली. ताई, ती आवारातून ऐकणं वेगळं आणि तिच्या खाली उभं राहणं वेगळं. आवाज कानात येत नाही, तळपायातून वर चढतो. डोक्यावर कसली तरी भुकटी पडली. मला वाटलं आलाच. पळ, असं मी स्वतःला अगदी स्पष्ट सांगितलं. पुन्हा सांगितलं. पाय ऐकेनात. गुडघे असे आखडले, की मी तिथे खांबासारखा उभा.

घंटा थांबली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, मग एकेक जण पुढे येऊन कमानीत माझ्या शेजारी उभा राहू लागला. कोणी म्हणालं, "काय धीर आहे या माणसाचा, पापणी हलली नाही!" आता या वेळी मी आधीच ठरवून ठेवलं होतं, की पुन्हा खोटं खपवून घ्यायचं नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "धीर नाही हो, गुडघे धरलेत. पळता आलं असतं तर आत्ता मी घरी असतो. मला कोणीतरी बाकापर्यंत न्या."

हे मात्र त्यांना पटलं. फादरांनी एका बाजूने धरलं, ऑर्गनवाल्या बाईंनी दुसऱ्या. डोक्यावर काय पडलं म्हणून चाचपलं, तर पारव्यांची कृपा. बाईंनी त्यांचा रुमाल दिला आणि तो परत नको असंही सांगितलं.

बाकावर बसून वर पाहिलं. कॅमेरा गळ्यात होता, पण फोटो काढायचं सुचलं नाही. नुसतं पाहिलं, मान दुखेपर्यंत. उजवीकडे झुकलाय ताई, चांगलाच झुकलाय, एकदा कळलं की दिसायचं राहत नाही.

झुकलाय, पण आहे.

तू ये एकदा बघायला. मी आणायला स्टेशनवर येईन. गुडघे सुटले म्हणजे.

तुझा धाकटा